बाळाची सुंता करायची का? फॉर्मवरच्या दोन चौकोनांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच आहे. विषय जरा अवघड आहे. म्हणजे समजायला नाही, बोलायला. स्पीकरवर ऐकत असाल आणि शेजारी सासरेबुवा बसले असतील, तर आधी इअरफोन लावा.

मागच्या वर्षी बायकोला आठवा महिना लागला तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या हॉस्पिटलने नावनोंदणीचा फॉर्म पाठवला. मुलगा आहे हे आम्हाला आधीच माहीत होतं, इथे ते सोनोग्राफीत सांगतात. फॉर्ममध्ये इन्शुरन्स, ॲलर्जी, बाळाला दूध कुठलं देणार, आणि मग एक ओळ: मुलाची सुंता करायची आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. बाकीचा फॉर्म दहा मिनिटांत भरून झाला. या ओळीवर आम्ही पाच आठवडे अडकलो.

भारतातून ऐकणाऱ्यांना प्रश्न पडेल की हे आलं कुठून? आपल्याकडे सुंता म्हटलं की मुसलमान समाज आठवतो, फार तर ज्यू. अमेरिकेत मात्र ज्यांचा या दोन्ही धर्मांशी काही संबंध नाही अशी लाखो कुटुंबं मुलाची सुंता करतात. हॉस्पिटलमध्ये, जन्मानंतर एक-दोन दिवसांत, घरी सोडायच्या आधी. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी ती करते आईचं बाळंतपण करणारी डॉक्टरच. त्यामुळे इथे आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला, मुलगा असेल तर, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आणि आपण त्यावर कधी विचारच केलेला नसतो.

आईचा निकाल, बायकोचं मत आणि माझं

आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होती. तिने एका वाक्यात विषय संपवला. "आपल्यात नाही करत बाळा, त्यात विचार कसला करायचा?"

बायको म्हणाली, "आई, आपल्यात न्यू जर्सीत बाळंतपण तरी कुठे करायचे?"

आई हसली, पण मुद्दा काही सोडला नाही.

तुम्हाला वाटेल, म्हणजे बायकोला करायची होती. उलट आहे. बायको 'नाही' म्हणत होती. तिला फक्त 'आपल्यात नाही करत' हे कारण पटत नव्हतं. 'हो' म्हणणारा मी होतो. याचं कारण मी पॉडकास्टवर कधी सांगितलेलं नाही.

माझी सुंता झालेली आहे. नवव्या वर्षी, आणि धर्माचा काही संबंध नाही. लघवी करताना पुढची त्वचा फुग्यासारखी फुगायची, कधीकधी दुखायचं. आमच्याकडच्या एका सर्जननी बघितलं, त्वचा मागे सरकत नाही म्हणाले, याला फायमोसिस म्हणतात म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. पूर्ण भूल, टाके, मग दहा दिवस बाबांची लुंगी. ती पण एका हाताने पुढे धरून चालायची, कापड लागू नये म्हणून. चौथीची सहामाही बुडाली. शाळेत 'अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं' असं सांगायचं ठरलं. एका मुलाने शर्ट वर करून टाके दाखव म्हटलं, तेव्हा माझी काय अवस्था झाली ते सांगत बसत नाही.

पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कॉमन बाथरूम. महिन्याभरात पोरांना कळलं आणि मला एक मुसलमानी नाव चिकटलं. चार वर्षं तेच. माझा रूममेट रत्नागिरीचा, मुसलमान. त्याने एकदा त्याच्या खतन्याबद्दल सांगितलं. नवे कपडे, पाहुणे, जेवण, हातात पैसे. "दुखलं रे, पण सगळ्या भावांचं झालेलं. लाजायचं काय त्यात?" ऑपरेशन तेच. त्याच्या आठवणीत जेवणावळ आहे, माझ्या आठवणीत अपेंडिक्सची थाप. आणि एक गोष्ट आता कबूल करतो. त्या टोपणनावाचा मला राग यायचा, पण ते नाव शिवीसारखं वापरलेलं रोज ऐकताना त्याला काय वाटत असेल, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तर माझं गणित सोपं होतं. माझ्या मुलाला नवव्या वर्षी हे नको. दुसऱ्या दिवशी उरकून टाकू, त्याला आठवणार पण नाही.

बायको म्हणाली, "अरे, तुझं दुखणं तुझं आहे. ते याला होणारच असं तू का धरून चाललायस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचायला बसलो.

हा डिफॉल्ट सेट केला कुणी?

मी बॅकएंडवाला माणूस. कुठलीही विचित्र सेटिंग दिसली की आधी बघतो, ही कधी आणि कुणी टाकली. इथे ती टाकली एकोणिसाव्या शतकाने. १८७० मध्ये न्यूयॉर्कचे एक मोठे हाडांचे डॉक्टर, लुईस सेअर, यांनी दावा केला की एका लहान मुलाच्या पायांचा लकवा त्यांनी सुंता करून बरा केला. मग फिट्सपासून कशाकशावर हा इलाज सुरू झाला. १८८८ मध्ये जॉन हार्वी केलॉग यांनी, हो, तेच कॉर्नफ्लेक्सवाले, मुलांचं हस्तमैथुन थांबवायला सुंता सुचवली. ती पण भूल न देता, म्हणजे शिक्षेसारखी लक्षात राहील. पुढे जंतूंची माहिती झाली, स्वच्छतेचं महत्त्व वाढलं, बाळंतपणं घरातून हॉस्पिटलमध्ये गेली आणि हे नेहमीच्या कामांच्या यादीत बसलं. मूळ कारणं खोटी ठरली, सेटिंग मात्र राहून गेली.

ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथेही हे बऱ्यापैकी चालायचं. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञांनी लेख लिहून दाखवलं की जन्मतः त्वचा मागे न सरकणं हा आजार नाहीच, बहुतेक सगळ्या बाळांचं तसंच असतं. सरकारी सेवेत ही नेहमीची सुंता धरली गेली नाही आणि तिथलं प्रमाण घसरलं. भाषा तीच, वैद्यक तेच, पण डिफॉल्ट बदलला.

अमेरिकेतही आकडा उतरतोय. सीडीसीच्या नोंदींप्रमाणे १९७९ मध्ये हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या मुलग्यांपैकी ६४.५ टक्के मुलांची सुंता तिथेच व्हायची, २०१० मध्ये ५८.३ टक्के. पश्चिमेकडच्या राज्यांत तर ४०.२ टक्क्यांवर आला होता. म्हणजे 'इथे सगळेच करतात' हे आपले शेजारी सांगतात ते खरं नाही.

नेमकं करतात काय

हे वाचायला नको वाटेल, पण सही करायच्या आधी माहीत हवं. नवजात बाळाची पुढची त्वचा आतल्या टोकाला चिकटलेली असते, नखाखालची कातडी असते तशी. बाळाला प्लास्टिकच्या साच्यात निजवून पाय पट्ट्यांनी बांधतात. मुळाशी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, तोंडात साखरेचं पाणी देतात. मग चिकटलेली त्वचा सोडवून, चिमट्यासारखं साधन लावून कापतात. काही ठिकाणी प्लास्टिकची रिंग बसवतात, ती आठवड्याभरात आपोआप गळून पडते. काम काही मिनिटांचं. जखम भरायला आठवडा ते दहा दिवस, तोवर प्रत्येक डायपरला व्हॅसलीन.

बाळाला आठवत नाही हे खरं, पण दुखत नाही हे खरं नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की बधिर न करता सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. त्यामुळे करायचीच असेल तर 'बधिर कशाने करणार?' हा पहिला प्रश्न.

फायदा किती, धोका किती

आता आकडे. मी बायकोला एक्सेल शीट करून दाखवली, ती तिने आजवर मला ऐकवलीय.

पहिला फायदा, लघवीचा जंतुसंसर्ग. पहिल्या वर्षात सुंता न झालेल्या १००० मुलांपैकी साधारण ७ ते १४ जणांना तो होतो, सुंता झालेल्यांत १ किंवा २ जणांना. फरक मोठा दिसतो, आणि आहेच. पण उलट्या बाजूने बघा. एक संसर्ग टाळायला साधारण ११० बाळांची सुंता करावी लागते. आणि तो बहुतेक वेळा अँटिबायोटिकने बरा होतो.

दुसरा, एचआयव्ही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात तीन मोठ्या चाचण्या झाल्या. पुरुषाला स्त्रीकडून होणारी लागण सुंतेमुळे ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाली. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे एचआयव्ही खूप पसरलाय अशा देशांसाठी याची शिफारस केली. हे भक्कम संशोधन आहे. पण त्या चाचण्यांतले सगळे मोठे पुरुष होते, स्वतः सही करून आलेले. माझ्या मुलाला हा फायदा हवा असेल तर तोही मोठा झाल्यावर सही करू शकतो. आणि कंडोम आहेच.

तिसरा, लिंगाचा कॅन्सर. सुंता झालेल्यांत कमी आढळतो, पण अमेरिकेत तो मुळातच वर्षाला लाखात एखाद्या पुरुषाला होतो.

धोके म्हणजे रक्तस्राव, संसर्ग, कमी-जास्त कापलं जाणं. सीडीसीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार नवजात बाळांत हे अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. पण त्याच अभ्यासात पुढे असं आहे की एक ते नऊ वर्षांच्या वयात केली तर धोका जवळपास वीसपट, आणि त्यानंतर दहापट.

इथे मी थांबलो. कारण माझा मुद्दा हाच होता! नंतर करायची वेळ आली तर महागात पडतं, मग आत्ताच का नको?

बायकोने शीटमध्ये रकाना वाढवला: 'नंतर करायची वेळ किती जणांवर येते?' डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांचा एक जुना अभ्यास आहे, १९६८ मध्ये आलेला. ६-७ वर्षांच्या ८ टक्के मुलांना फायमोसिस दिसला, १६-१७ वर्षांच्या फक्त १ टक्का मुलांना. ऑपरेशन न करता, वयाबरोबर बहुतेकांचं आपोआप सुटलं. आज यावर स्टेरॉइडचं मलम पण आहे, ते काही आठवडे लावून बऱ्याच मुलांची त्वचा मोकळी होते. आणि लघवी करताना त्वचा नुसती फुगणं हे ऑपरेशनचं कारण धरत नाहीत.

मी नऊ वर्षांचा होतो. फुगत होती म्हणून तर नेलं होतं.

रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "तुला न्हाऊ घालायला मावशी यायच्या ना, त्या तेल लावून रोज कातडी मागे ओढायच्या. नाही ओढली तर पुढे त्रास होतो म्हणायच्या. तू काय रडायचास!" चिकटलेली त्वचा जबरदस्तीने ओढली तर बारीक चिरा पडतात, त्या भरताना त्वचा आकसू शकते. माझं त्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, आणि त्या मावशींनी मायेनेच केलं. पण जे मी माझ्या शरीराचा दोष समजत होतो, तो कदाचित नव्हताच. हे आईला सांगावं का, हा विचार केला आणि नाही सांगितलं. आता ती हे ऐकेल. आई, तुझी काही चूक नाही.

डॉक्टर तरी एकमताने काय म्हणतात?

म्हणत नाहीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१२ मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्यांना करा म्हणण्याइतके नाहीत, आई-वडिलांनी ठरवावं. कॅनडाच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट करू नका म्हटलं. डच डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्येच विरोध नोंदवला होता. २०१३ मध्ये युरोपातल्या ३८ डॉक्टरांनी अमेरिकन अकॅडमीला लिहिलं, तुमच्याकडे हे नेहमीचं आहे म्हणून तुमचा निष्कर्ष तिकडे झुकलाय. अकॅडमीने उत्तर दिलं, तुमच्याकडे हे नेहमीचं नाही म्हणून तुमचाही झुकला असेल.

हे वाचून आम्ही दोघंही हसलो. साताऱ्यात आई जे म्हणत होती, तेच दोन्हीकडचे तज्ज्ञ जरा मोठ्या शब्दांत म्हणत होते. 'आपल्यात करतात' आणि 'आपल्यात करत नाहीत'.

ज्यांच्यासाठी ही श्रद्धेची गोष्ट आहे, त्यांचा हिशोब वेगळा, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्या कोकणातले बेने इस्रायल बघा, घरात मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यानपिढ्या इतर ज्यूंपासून दूर राहूनही त्यांनी शनिवारची सुट्टी आणि आठव्या दिवशीची सुंता सोडली नाही. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पुढे बाहेरच्या ज्यूंना त्यांची ओळख पटली ती अशाच खुणांवरून. अशा घरात ती बाळाला आपल्यात घेण्याची रीत आहे, ११० बाळांमागे एक संसर्ग हा आकडा तिथे लागू नाही. माझ्या रूममेटला तर ते मला समजावून सांगावंही लागलं नव्हतं. पण आमच्या घरात असं कुठलंच कारण नव्हतं. आमच्याकडे होती फक्त माझी भीती.

शेवटी 'नाही'वर टिक केली. आमच्यापुरतं कारण एवढंच की फायदा आहे पण छोटा, धोका आहे पण छोटा, आणि कापलेलं परत येत नाही. थांबायची पण किंमत आहे, त्याला पुढे खरंच गरज पडली तर ऑपरेशन मोठं असेल. ती शक्यता बघूनच आम्ही सही केली.

आणि मग सहा आठवड्यांचा असताना त्याला ताप आला, १००.८. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप म्हणजे थेट इमर्जन्सी, वाट बघायची नाही. तिथे बारीक नळी घालून लघवीचा नमुना घेतला, रक्त घेतलं. नर्सने फॉर्म बघत विचारलं, सुंता झालीय का? मी 'नाही' म्हटलं आणि तिने ते टाइप केलं. रिपोर्ट यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत माझी एक्सेल शीट काही कामाची नव्हती. हजारातल्या ७ ते १४ मधला एक माझ्या मांडीवर असेल तर बाकीच्यांशी मला काय करायचंय? बायकोला म्हटलं, "आपलं चुकलं का गं?" ती म्हणाली, "निघालं तर औषध देऊ. त्याने आपलं चुकलं असं होत नाही." लघवी साफ निघाली, व्हायरल ताप होता. पण निकाल उलटा आला असता तरी तिचं वाक्य बरोबरच राहिलं असतं, असं मला आता वाटतं.

तुमच्यासमोर हा चौकोन आला तर

आठव्या महिन्यातच बोलून घ्या. बाळंतपणानंतर झोप नसताना, नर्स दारात उभी असताना ठरवू नका. आणि घाई नाही, 'आत्ता नको, विचार करून सांगतो' हे पण उत्तर आहे.

करायची ठरली तर विचारा: बधिर कशाने करणार, कोण करणार, त्यांचा हात किती बसलाय, इन्शुरन्स देतो का. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय ना, याची खात्री करा. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधीच सांगा. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असेल, तर सुंता करायची नाही, कारण तीच त्वचा पुढे दुरुस्तीच्या ऑपरेशनला लागते.

नाही करायची ठरली तर काम सोपं आहे. बाहेरून पाण्याने धुवा, बस. त्वचा मागे ओढायची नाही. तुम्ही नाही, आजीने नाही, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी नाही, आणि डॉक्टर ओढायला लागले तर त्यांनाही थांबवा. ती आपोआप सुटते, काहींची तिसऱ्या वर्षी, काहींची दहाव्या-बाराव्या. लघवीला त्रास, सूज किंवा लाली दिसली तर दाखवा. ओढलेली त्वचा मागेच अडकून बसली तर ताबडतोब न्या.

आणि तुमचं उत्तर 'हो' असेल आणि आमचं 'नाही', तर आपण अजूनही मित्र आहोत. तुम्ही काय ठरवलंत आणि कसं, ते कळवा. नाव सांगायची गरज नाही, पुढच्या भागात नाव न घेता वाचेन. आता थांबतो, पलीकडच्या खोलीतून आवाज येतोय, डायपर बदलायची पाळी माझी आहे. भेटू पुढच्या रविवारी!